स्पीकर लावले त्या दुपारी
हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, कारण शेजारच्या फ्लॅटमधी कुणीतरी नवे स्पीकर लावलेत आणि भिंत थरथरली की मी उठून बाथरूमचा नळ बघून येतेय. दुष्काळाचं साल होतं, आम्ही गारखेड्यात नवीन फ्लॅटमधी आलेलो. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून बाथरूमचा नळ उघडाच ठेवायचो. बादलीत धार वाजली की कळायचं. त्या दुपारी दादा टीव्हीमागं पालथा पडून होम थिएटरचे नवे स्पीकर एकेक करून जोडत होता. गाणं एवढं मोठ्यानं लावलं होतं की धार कुणाला ऐकूच आली नाय. मी वळले तर बादली भरून पाणी बाथरूममधनं हॉलमधी पसरत आलेलं, फरशीवरच्या एक्स्टेंशन बोर्डापासून वीतभर लांब. मी ओरडले, पण माझा आवाज गाण्यात बुडाला. दादा माझ्याकडं बघून हसत ओरडला, "काय गं, स्पीकरचा बास लई भारी ना?" आणि त्यानं हात बोर्डाकडं नेला. मी पळत जाऊन दाराजवळचं मेन स्विच पाडलं. एकदम सगळं शांत झालं, आणि आतून आई खुशीत म्हणाली, "अगं, पाणी आलं वाटतं, बादल्या लावा." दादा तसाच पडून होता, ओल्या शर्टात, बोर्डाखाली गेलेल्या पाण्याकडं बघत. पाणी आलं म्हणून पळत जाऊन मेन स्विच पाडावं लागलं, असं तुमच्याकडं कधी झालंय का?