बटण नसलेला खेकडा

आमचे हे लिफ्ट मेकॅनिक. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना वर-खाली करतायत, स्वतः मात्र जिन्याने येतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "आत काय काय आहे ते मला माहीत आहे ना!" माणूस गरीब गाय. व्यसन नाही, आवाज नाही. पण गेल्या वर्षी डोक्यात भूत शिरलं, चालणारा रोबो करायचा. सहा पाय, पायाला तीन-तीन छोट्या मोटारी. सर्वो म्हणतात त्यांना, सांगाल तेवढ्याच वळतात. अशा अठरा मोटारी माझ्या जेवणाच्या टेबलावर! सासूबाई मांडीचं हाड मोडून दोन महिने खाटेला खिळलेल्या, त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागायची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय!

मी त्याला खेकडा म्हणायचे. पहिल्यांदा तो खुडखुडत खोलीभर फिरला तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या, "घ्या, माझ्याआधी हाच चालायला लागला."

"ह्याचं बटण कुठंय?" मी विचारलं.

"बटण नाही."

"मग थांबवायचं कसं?"

झालं, प्रवचन सुरू. लिफ्टच्या धंद्यात म्हणे मधेच वीज तोडणं म्हणजे पाप. दोन मजल्यांच्या मधे अडकलेला माणूस घाबरून उडी मारायला बघतो आणि जिवाला मुकतो. म्हणून ह्यांचा खेकडाही अडला तर थांबायचा नाही, आणखी जोर लावायचा. बॅटरी संपली की आपोआप बसेल. ती बॅटरी कुठे, तर पोटात, चार स्क्रूंच्या आड.

"अहो, त्यात कोण माणूस बसलाय अडकायला?" मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सवयीपुढे अक्कल चालत नाही.

त्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. दुपारी बॅटरी जोडून, चारी स्क्रू आवळून खेकडा चालू केला आणि तेवढ्यात फोन आला, कुठेतरी लिफ्टमध्ये कुणी अडकलं होतं. "फिरू दे त्याला, पाच मिनिटांत बॅटरी संपेल," म्हणत हे धावले.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आत येऊन बघते तर खेकडा सासूबाईंच्या खाटेखाली. पुढचा पाय खाटेच्या लोखंडी पट्टीत अडकलेला, आणि तो जोर लावतोय, पुन्हा लावतोय. मोटारी किंचाळत होत्या. पोटातून धूर येत होता, बॅटरी फुगून झाकणाबाहेर आली होती. वर स्पंजची गादी, गादीवर सासूबाई.

"काय जळतंय गं?" त्या म्हणाल्या.

आणि खरं सांगते, मी पळाले. कडी काढली, चार पायऱ्या उतरले. बॅटरी फुटणार आणि मी मरणार, एवढंच डोक्यात होतं. सासूबाई आठवल्याच नाहीत मला.

पाचव्या पायरीवर पाय थबकला. आतून हाक आली नव्हती. दर पाच मिनिटांनी "सूनबाई, पंखा", "सूनबाई, उशी" करणारी बाई, आणि आता चकार शब्द नाही! मला वाटलं, गेल्या. तशीच उलटी धावले.

त्या छताकडे बघत पडल्या होत्या. मी केरसुणी खाटेखाली घातली आणि त्या मेल्याला ओढलं. येईना. पुन्हा हिसडा दिला तसा त्याचा पाय तुटला आणि तो बाहेर आला, तरी उरलेल्या पाचांनी चालतच! ढकलत ढकलत गॅलरीत नेला. तिथे भपकन पेटला. कुंडी उचलून सगळी माती त्याच्यावर उपडी केली, मग दुसरी. मनगट भाजलेलं मला नंतर कळलं.

तासाभराने हे आले. मातीचा ढीग बघितला, आईच्या गादीला लागलेला काळा डाग बघितला. चेहरा पांढराफटक.

"तू... तू लगेच आत गेलीस ना?"



"लगेच आली," सासूबाई म्हणाल्या. "मलम आण आधी. हात बघ तिचा."

हे मलम आणायला गेले. सासूबाईंनी माझा चांगला हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"कडी वाजली ती ऐकली मी," त्या हळूच म्हणाल्या. "उशीचा कोपरा तोंडात धरून ठेवला. भीती अशी वाटत होती गं, की केव्हा किंचाळेन नेम नव्हता. पण म्हटलं, हाक मारली तर ही वेडी परत येईल."