जाळीपलीकडचा प्रश्न

शालनबाई भिंगारदिवे पिंपरीकडं आली ती नवऱ्याच्या नोकरीपायी. भीमराज राहुरीकडचा कॅथलिक. तो कारखान्यात चिकटला आणि मागोमाग धाकटा भाऊ ज्ञानदेवही आला. पिंपरीजवळच्या थेरगावात दोघांनी लागून लागून खोल्या घेतल्या. शालन आणि तिची जाऊ सरूबाई यांचं एकमेकींवाचून पान हलत नसे. कामगारवस्तीत पत्र्याच्या छपराचं लहानसं चर्च होतं. तिथली झाडलोट शालनकडं होती.

तिथले फादर लोपीस वसईचे. पुण्याच्या सेमिनरीत त्यांनी कैक वर्षं होऊ घातलेल्या धर्मगुरूंना नीतिशास्त्र शिकवलं होतं. लग्न, शरीर, मूल होणं, न होणं, यावर त्यांचे लेख धर्मगुरू वाचत आणि वाद घालत. मूल होऊ द्यायचं की नाही, यात नवरा-बायकोच्या सद्सद्विवेकालाही मान असला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं होतं. १९६८ साली रोमहून पोपसाहेबांचं पत्रक आलं. साधनं आणि ऑपरेशन निषिद्ध, गर्भ राहायचे दिवस टाळून, दिवस पाळता येतील तेवढे पाळावेत. फादरांचं लिहिणं त्या दिवसापासून थांबलं. त्यांनी आपणहून पिंपरी मागून घेतली. पुस्तकांची पेटी आली, पण तिची दोरी त्यांनी कधी सोडली नाही.

सरूला पाच लेकरं झाली होती. पाचव्या खेपेला डॉक्टरनं बजावलं होतं, आता पुन्हा नको. एका शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. चर्चच्या कोपऱ्यात लाकडी कोठडी होती. मध्ये पडद्याआड फादर बसत आणि बाजूच्या जाळीशी माणूस गुडघे टेकून बोले. सरू बाहेर आली आणि पायरीवर शालनजवळ बसली.

"न्हाई म्हनले."

"काय इचारलंस?"

"आपरेशन करू का म्हनलं. लई येळ गप बसले. मग म्हनले, न्हाई, दिवस पाळून ऱ्हावा." सरूनं पदरानं तोंड पुसलं. "आक्का, तुमच्या दिराला दिवस पाळाय कोण शिकवील?"

पुढच्या वर्षी सरू बाळंतपणात गेली. छातीला दूध उतरलं होतं, पण पोरीला पाजायला ती राहिली नाही. शालनचं शेंडेफळ तेव्हा अंगावर पीत होतं. तिनं सरूच्या पोरीलाही दुसऱ्या अंगाला लावलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी, दिवेलागणीला, शालन बाकं पुसत होती. पापनिवेदनाला आलेली माणसं केव्हाच घरी गेली होती. फादर मात्र कोठडीतच होते आणि हलक्या आवाजात बोलत होते. थांबत, ऐकत, पुन्हा बोलत. मग पडदा सरकला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"शालनबाई, या बाजूला शेवटी कोण होतं?"

"कोनी न्हाई, फादर. मी कवाची हितंच हाय."

"दर शनिवारी तेच विचारते..." एवढं बोलून फादरांनी ओठ मिटून घेतले. जाळीतून ऐकलेलं बाहेर काढायचं नसतं, मेलं तरी. ते तसेच आपल्या खोलीत निघून गेले.

शालन फडकं घेऊन कोठडीपाशी गेली. गुडघे टेकायची फळी ओली होती. तिनं बोट लावून हुंगलं. दुधाचा आंबूस वास. तिला आधी वाटलं आपलंच गळलं असेल. पण ती त्या फळीवर टेकलीच नव्हती. तिनं फळी पुसली. पुढच्या शनिवारी ती पुन्हा ओली. त्याच्या पुढच्याही. लाकडाला हात लावला की ऊब लागायची, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. तिनं भीमराजला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? झाडायचं काम मात्र सोडलं नाही. सरू येत असेल तर तिथं घरचं माणूस असावं, असं तिला वाटे.

शालनचीही तीच वेळ आली. स्वतःची चार लेकरं, सरूची पोर धरून पाच, आणि डॉक्टरनं तिलाही तेच सांगितलं. शनिवारी ती स्वतः जाळीशी टेकली. अंधारात फादरांचा श्वास ऐकू येत होता. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"आलीस? आज ऐकून जा, सरूबाई."

शालनच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"पोपसाहेबांची आज्ञा मी मोडली नाही, आणि तिला मी हलकीही मानत नाही. पण माणसानं प्रार्थना करून, मन तपासून जो कौल घ्यावा, तोही देवाचाच, हे मीच सेमिनरीतल्या पोरांना शिकवलं होतं. तुला तेवढंही सांगितलं नाही. मला भीती वाटली. माझं नाव जाईल, जागा जाईल. तुला मी एकटीला सोडलं. जी तुझ्यासारखी येईल तिला मी आता सोडणार नाही."

शालनच्या डाव्या खांद्याला खांदा लागला. लुगड्याची सळसळ झाली, दुधाचा वास दाटून आला आणि कानाशी कोणीतरी लांब सुस्कारा सोडला, ओझं उतरवल्यावर बाई सोडते तसा. मग खांदा गार पडला.

"फादर," शालन म्हणाली, "मी शालन हाय."

पलीकडं बाक करकरलं. मग फादर म्हणाले, "मग तूही ऐकलंस. बरं झालं."

त्या शनिवारपासून फळी कोरडी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरनं पाहिजे का म्हणून विचारलं, शालन हो म्हणाली आणि तिनं ऑपरेशन करून घेतलं. रविवारी ती मिस्सेच्या प्रार्थनेला गेली; पापी ठरवली असती तर तिला नाकारला असता तो ख्रिस्तप्रसाद फादरांनी तिच्या जिभेवर ठेवला. पुढं त्यांनी प्रवचनातही मनाच्या कौलाचं हे बोलून दाखवलं. वस्तीतल्याच कुणीतरी वर बिशपांना कळवलं, आणि फादरांची रवानगी दूरच्या एका खेडेगावात झाली. हेच सरूला का सांगितलं नाही, म्हणत ज्ञानदेव मात्र त्या प्रवचनानंतर चर्चला आला नाही.

आणीबाणीत शालन एका सरकारी दवाखान्यात आया होती. एका शाळेत नसबंदीचं शिबिर भरलं, तिथं तिला कामाला पाठवलं. ताडपत्री बांधलेल्या ट्रकमधून उचलून आणलेल्या बायका उतरवल्या. कोणी रडत नव्हतं, कडेवरची पोरंसुद्धा गप्प होती. शालन दारात उभी राहिली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारू लागली, "बाई, तुला पायजे का?"

तिच्या दवाखान्याचे डॉक्टर ओरडले, "तू स्वतः करून घेतलंयस ना? मग?"

"व्हय. मला इचारलं व्हतं."

ज्या नको म्हणाल्या त्यांना तिनं मागच्या दारानं काढून दिलं. दुपारपर्यंत तिची नोकरी गेली. ती चिंचवडपर्यंत चालत गेली आणि तिथल्या बाळंतिणींच्या एका खाजगी दवाखान्यात काम मागितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधीचं का सोडलं. शालननं घडलं तसं सांगितलं. बाईंनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.