ओसरीच्या कोपऱ्यातले पंख

कुरुंद्यात नांदायला आलेल्या जिवनबाईला मूल झालं नाही, तरी कुणी घराबाहेर काढलं नव्हतं. काढलं ते बेडकाच्या तंगड्यांनी.

लढाईचे दिवस. घासलेट मिळेना, म्हणून सासू नीलाबाईनं ओसरीतला कंदील लावणं बंद केलं. तेव्हापासून रोज सकाळी ओसरीच्या एकाच कोपऱ्यात काहीतरी पडलेलं असे. चिमणीचे पंख, उंदराची शेपटी, बेडकाचे पाय, सारवणावर रक्ताचे ठिपके.

"भानामती हाय," नीलाबाई म्हणाली. "वांझेच्या हातची."

जिवनबाईनं मात्र दिवेलागणीला तुळईखाली पाहिलं होतं. वीतभर वाघूळ उलटं लोंबत होतं, लांब कान कपाळावर एकमेकांना चिकटलेले. पंखात धरलेला बेडूक ते डोक्याकडून कुरतडत होतं आणि त्याच्या पोटाला उघडंनागडं पिल्लू बिलगलं होतं. सांगितलं तर काठीनं दोघांना पाडतील, म्हणून ती गप्प राहिली. पण तिला माहेरी धाडायची भाषा निघाली, तेव्हा बोलली.

"आत्याबाई, वाघळाचं उष्टं हाय ते. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"वाघूळ उंबरं खातंय, सटवे! मारुतीपुढच्या वडावर ढिगानं लोंबतेत, एकाच्या तरी तोंडात बेडूक पाह्यला का कुणी? का तू तळून घालतीस?"

नवरा सोनाजी हसला. आईकडं बघून त्यानं हसू आवरलं. माणूस वाईट नव्हता. "दाखव मंग," म्हणाला. महेबूबच्या दुकानातून दुप्पट भावानं बाटलीभर घासलेट आणून त्यानं कंदील पेटवला आणि मायलेक राखणीला बसली.

वळचणीशी एक सावली आली, उजेड बघून माघारी वळली. ती दिसली एकट्या जिवनबाईला. सकाळी कोपरा स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही तसाच.

"आपुन जागं तर काई न्हाई," नीलाबाई म्हणाली. "आपुन निजलो की हिचं सुरू."

"कंदील इझवा ना," जिवनबाई कळवळून म्हणाली. "अंधारातच येतंय ते."

बोलून गेली आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. सोनाजी उठला. त्यानं वात मोठी केली.

भाऊ ग्यानबा बैलगाडी घेऊन आला आणि तिला माहेरी, डोंगरकडा गावाला घेऊन गेला. सोनाजीनं दुसरी केली. नवी सून अंधाराला भिते म्हणून मिळेल त्या भावाच्या घासलेटावर ओसरीत कंदील जळत राहिला, कोपऱ्यात पुन्हा पंख पडला नाही. गावाला आणखी काय पुरावा पाहिजे होता?

माहेरी जिवनबाई सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यापर्यंत झाडून काढी. भावजय कौतुकानं सांगे, आमच्या आक्कांना बसून खाणं ठाऊकच न्हाई.

एकदा तीही लवकर उठली. "आक्का, इतक्या अंधारात काहून झाडून राहिल्या?"

गोठ्याच्या उंबऱ्याशी झाडणी थांबली होती. जिवनबाईनं पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच दाबून उभी राहिली.

"झोप येत न्हाई बाई. तू जा पाण्याला."

भावजय घागर घेऊन गेल्यावर तिनं पाय उचलला. ओल्या तंगड्या पदरात घेतल्या, चुलीत गोवरीखाली सारल्या आणि जाळ होईपर्यंत फुंकत राहिली. गोठ्याच्या तुळईकडं तिनं पाहिलं नाही.