जाड की पातळ

मार्गशीर्षात उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ऊन उशिरा उतरतं. तोवर अंगणात निळसर गारठा रेंगाळत असतो, कुणाच्या तरी चहातल्या गवती पातीचा सुगंध भिंतीवरून अलगद येतो, आणि त्या सुगंधात आमच्या जुन्या गाडीच्या डिझेलचा उग्र दर्प मिसळून जी सकाळ तयार होते, ती हल्ली माझी परीक्षाच पाहते. मी किल्ली फिरवते. गाडी कण्हते, खोकते आणि गप्प होते. शेजारी मफलर गुंडाळून बसलेले बाबा समोरच्या काचेकडे पाहत राहतात. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून अदबीने विचारतात, "आपण कुणाकडच्या?"

बाबांची स्मृती गेली काही वर्षं विरत चालली आहे. मात्र ही गाडी सुरू झाली, तिची ओळखीची थरथर त्यांच्या तळव्यांत शिरली, की क्रांती चौक येईतो त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरतो आणि ते जुन्याच अधीरतेने म्हणतात, "सुमे, गिअर बदल की गं!" सकाळच्या त्या फेरीपुरती मी त्यांची मुलगी असते, दुपारनंतर ते कुठेच नसतात. भावाच्या नव्या गाडीतून नेऊन पाहिलं. त्या निःशब्द गाडीत ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले आणि उतरताना माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "ताई, फार उपकार झाले." स्वयंपाकघरात जाऊन मी ढसाढसा रडले.

बॅटरी नवी घातली, तरी थंडी वाढली तशी गाडी अडूनच बसू लागली. शेवटी मुकुंदवाडीच्या वाहेदभाईंना बोलावलं. या गाडीचं सगळं दुखणंखुपणं वर्षानुवर्षं त्यांनीच पाहिलेलं. त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, पुन्हा बुडवून उन्हाकडे धरली.

"ताई, इंजन लई झिजलंय. आतलं जाड ऑइल थंडीत थिजतंय, म्हणून सकाळी उठत नाय. पातळ टाकलं तर उठंल, पन झिजलेल्या इंजनात ते टिकनार नाय. जळंल, धूर मारंल, अन् एखाद्या हिवाळ्यात इंजनच बसंल. याचे पार्ट आता कुठं भेटतात?"

"मग बाबा काय टाकायचे?"

"साहेब दोन्ही मिळवायचे. थंडी पडली की स्वतःच्या हातानं. जाड किती, पातळ किती, ते मला बी कधी सांगितलं नाय. विचारलं की निस्तं हसायचे."

"तुमच्या अंदाजाने टाका ना."

"अंदाज चुकला तर साहेबाला काय तोंड दाखवू?" असं म्हणून त्यांनी ओट्याकडे पाहिलं. तिथून बाबांनी परक्याला म्हणावं तसं "या, बसा" म्हटलं, आणि वाहेदभाई पाठ फिरवून उगाचच हात पुसत राहिले.

पातळ ऑइल म्हणजे हा हिवाळा. जाड ऑइल म्हणजे गाडीचं पुढचं आयुष्य. पण पुढच्या हिवाळ्यात बाबा त्या थरथरीला तरी ओळखतील का, हे मला कोण सांगणार? निवड आपल्या हातात असते, असं आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. माझ्यापुढे वाहेदभाईंनी आणलेले ऑइलचे दोन डबे होते आणि माझा हात एकाकडेही जात नव्हता. राग येत होता, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

मग एक वेडी कल्पना सुचली. ऑइल चिमटीत चोळून, डोळे मिटून त्याचा दाटपणा अजमावण्याची बाबांची रीत होती. डोकं विसरलं तरी बोटं विसरली नसतील. दोन जुन्या वाट्यांत दोन्ही ऑइलं ओतून मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. बाबांनी एकीत बोट बुडवलं, मग दुसरीत. अंगठ्यावर चोळलं. डोळे मिटले. वाहेदभाई दोन पावलं पुढे सरकले.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही वाट्यांतलं ऑइल तळहातावर घेऊन त्यांनी ते माझ्या भांगावर ठेवलं आणि सावकाश जिरवू लागले. माझ्या केसांना त्यांनी जन्मात कधी तेल लावलं नव्हतं. ते काम आईचं. "किती कोरडे झालेत गं केस, पोरी," ते पुटपुटले.

वाहेदभाई फडकं घेऊन धावले आणि मध्येच थांबले. गाडी तर बंदच होती. पोरी म्हणाले ते मला, की कुठल्याही मुलीला म्हणावं तसं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांचा हात नीट पोचावा म्हणून मी आणखी थोडी खाली वाकले.