आपांची शनिवारची खाण

दुपारी तीनला मीटिंग संपली आणि मी उलटा ठेवलेला फोन सरळ केला. मीटिंगमध्ये फोन उलटा ठेवायचा, हा ऑफिसात मीच केलेला नियम. फुजैराच्या एका अनोळखी नंबरवरून सात कॉल येऊन गेले होते. लावला तर आपांच्या शेजारच्या बाई, केरळच्या. "मेधा मॅडम? नफिसा टीचर नहीं रही." आपा टीचर नव्हत्या, पण बिल्डिंगमधल्या मुलांना शास्त्र शिकवायच्या म्हणून सगळे तसंच म्हणत. पहाटेची नमाज पढून खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत... मी डायरी ओढली आणि विचारू लागले, कुणाला कळवायचंय, कुठले कागद लागतील, कॅनडात मुलाला कोण सांगणार. "सब हो गया," त्या म्हणाल्या, "आप बस आ जाओ." दुबईतल्या अल बर्शाहून फुजैरा दीड तास. मी पोचले तेव्हा पुरुष मंडळी कब्रस्तानातून परत आली होती. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी माझ्या हातात काळा चहा दिला. मी एका बांधकाम कंपनीचं ॲडमिन सांभाळते. कुणी नोकरीवर आलं की त्याचं घर लावायचं, कुणी गेलं की किल्ली परत घ्यायची, कुणी इथेच मेलं तर त्याला मायदेशी पाठवायचे कागद करायचे. वीस वर्षांत असा मृत्यू पाहिला नव्हता, ज्यात माझ्यासाठी करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. चहा प्याले, कप विसळला आणि अंधार पडायच्या आत परत निघाले.

नफिसाआपा मूळच्या दापोलीच्या बाजूच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. पुण्याला जाऊन भूशास्त्रात एमएस्सी केलं, त्यांच्या मोहल्ल्यातल्या त्या पहिल्या. लग्न होऊन फुजैराला आल्या. नवरा बंदरावर नोकरीला होता. पुढे तो वारला, मुलगा शिकून कॅनडाला गेला, आणि आपा डोंगर फोडून खडी करणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये खडीची ताकद तपासत राहिल्या. आमची ओळख तिथलीच, नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या साइटचे रिपोर्ट अडकले होते, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, म्हणून मला पाठवलं होतं. लॅबच्या बाहेर उभी राहून मी फोनवर नवऱ्याला, श्रीकांतला, घरातली कामं सांगत होते. फोन ठेवला तर दारात एक बाई उभी. पांढरा कोट, डोक्यावरून ओढणी.

"काय गो, नवऱ्याला पण एक, दोन, तीन करून सांगतेस?"

"नाहीतर तो दोनावरच थांबतो."

त्या हसल्या आणि रिपोर्ट पंधरा मिनिटांत हातात दिले. तिसऱ्या भेटीत विचारलं, "शनिवारी काय करतेस?" मी म्हटलं, आठवड्याची भाजी निवडते. "ती श्रीकांत निवडेल. माझी सोन्याची खाण आहे डोंगरात. तुझी गाडी मोठी आहे, माझी वाडीत चालत नाही." इथे वाडी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, एवढं मला माहीत होतं. सोन्याची खाण मात्र मी थट्टाच समजले.

खाण म्हणजे डोंगराच्या कुशीतलं एक बीळ. कधीकाळी कुणीतरी तांब्यासाठी खणून सोडून दिलेलं, दोन माणसं वाकून जातील एवढं. आत पंधरा पावलांवर काळपट दगडात गारगोटीची एक पांढरी शीर होती, मनगटाएवढी जाड. त्या शिरेत सोनं आहे असं आपांचं म्हणणं. खाली खजुराची बाग होती, ती अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्या अरबाची. डोंगराची ती बाजूही त्याचीच. त्याने आपांच्या नवऱ्याला शब्द दिला होता, खणा, पण हाताने. नवरा होता तोवर दोघं हिवाळ्यात तंबू टाकून राहायची. तो गेल्यावर तीन वर्षं आपा तिकडे फिरकल्या नव्हत्या. एकट्या बाईने त्या ओढ्यात जायचं कसं, आणि गाडी कुठली न्यायची. त्यांनी मला का बोलावलं हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. तोपर्यंत मी माझी यादी करून टाकली होती, आणि तिच्यातली पहिली ओळ होती, एकटीने जायचं नाही, कुणीच.

ऑक्टोबर ते मार्च, शक्य तो प्रत्येक शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, बागेच्या कडेला तंबू ठोकायचा, सकाळी ऊन चढायच्या आत कामाला लागायचं. आपा छिन्नीने गारगोटीचे तुकडे काढायच्या, मी बादलीतून खाली आणायचे. लोखंडी खलबत्त्यात ते कुटायचे, चाळायचे आणि पाण्याच्या टबाशी बसून परातीत धुवायचे. साधी, घरातली कणकेची परात. लहानपणी आपांनी रत्नागिरीच्या बाजारात सोनारांच्या दुकानांबाहेर झारेकरी पाहिले होते. दुकानांपुढची धूळ-माती झाडून नेतात, धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात ती माणसं. त्यांतल्या एका म्हातारीजवळ आपा तासन् तास बसायच्या. "एमएस्सी पुण्यात झाली, पण हात तिचा," म्हणायच्या. परात त्यांच्या हातात अशी फिरायची की हलकी माती पाण्याबरोबर गुपचूप निघून जायची आणि तळाशी चिमूटभर काळी, जड वाळू उरायची. माझ्या हातून निम्मी वाळूही जायची. "मेधा, ही फाइल नाही. घाई केलीस की पहिलं सोनं जातं, मग दगड."

अबू सालेम दुपारी काठी टेकत यायचा. जुन्या माणसांसारखं त्याला हिंदी छान यायचं.

"मॅडम, सोना मिला?"

"इन्शाल्ला, बाबा."

"सोना दुबई में है, दुकान में. यहाँ सिर्फ पत्थर है." मग तो आमच्यात बसून आमचाच चहा प्यायचा आणि जाताना खजूर ठेवून जायचा. माझी मुलगी एकदाच आली, परातीत पाहून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट मड," आणि दिवसभर गाडीत बसली. श्रीकांतला मी काय करते हे कधी नीट समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पण कुणालाही काही पुरवायचं नसलेला तो आठवड्यातला एकच दिवस होता.

काळ्या वाळूत खरंच सोनं आहे का हे बघायला ती अगदी शेवटी, सावकाश, पुन्हा एकदा धुवावी लागते. आपा ते करत नसत. वाळू दुधाच्या पावडरच्या डब्यांत साठवायच्या. सात हिवाळ्यांत दोन डबे भरले. मी विचारायचे, आता बघू या का? "बघू. सगळं एकदम." एकदा म्हणाल्या, "पुण्यातल्या सरांना पत्र लिहिलं होतं या शिरेबद्दल. उत्तर आलं, लग्न झालं ना, आता संसारात लक्ष घाला. नवरा माझ्याबरोबर यायचा, पण त्यालाही हा माझा छंद वाटायचा." मग डब्याचं झाकण लावत, "नाहीच निघालं तर मला कळलेलं तेवढं एक बरोबर होतं, असं म्हणायला काही राहायचं नाही गो."

आणि मी ते डबे धुतले.

मागच्याच्या मागच्या मार्चमधली गोष्ट. हंगामाचा शेवटचा शनिवार. आपा वर बिळात हत्यारं आणायला गेल्या होत्या आणि मी यादीप्रमाणे आवरत होते. तंबू, दोऱ्या, शेगडी, मग भांडी. भांड्यांच्या खोक्यात दोन डबे होते, वर काही लिहिलेलं नाही, आत काळा चिखल. इतकी वर्षं मी त्या तंबूत साखरेपासून खिळ्यांपर्यंत सगळ्याला लेबलं लावली होती. आपांचे वाळूचे डबे त्यांच्या पिशवीत असायचे, खोक्यात नाही; आणि लेबल नाही म्हणजे कचरा, असा माझ्या डोक्याचा हिशेब. चिखल ओढ्यात ओतला, डबे साबणाने घासले आणि दगडावर उपडे घातले. आपा खाली आल्या. डब्यांकडे पाहिलं. हातातलं सगळं हळूच खाली ठेवलं.

"साबणाने धुतलेस?"

"हो."

"मग चांगले निघाले असतील." आणि त्या बसल्या. मी ओढ्याकडे धावले, पण ओढ्याच्या वाळूत दोन डबे वाळू कुठे शोधणार... वाऱ्याने ती कधीच एक करून टाकली होती. मागून आपांचा आवाज आला, "मेधा, चहा टाक." घरी येताना फुजैराच्या अलीकडे म्हणाल्या, "लेबल लावलं नाही, चूक माझी." मी रडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ऑक्टोबरमध्ये भरून काढू.

आपांची नोकरी या एप्रिलला संपणार होती. साठ पूर्ण, व्हिसा खलास, मग गाव नाहीतर कॅनडा. म्हणजे दोन हिवाळे होते. मी तक्ता केला, शनिवारला किती बादल्या, किती पराती. आपा तक्ता बघून म्हणाल्या, "खाणीची हजेरी लावतेस काय?" पण यायच्या, आणि निमूटपणे माझ्या तक्त्याप्रमाणे परात फिरवायच्या. आता आठवतं की त्या वर्षी त्यांनी सरांची, गावाची, कुठलीच गोष्ट सांगितली नाही. मी गोष्टींना वेळच ठेवला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात निम्मा डबा झाला, तोही एका शनिवारी मीच घाईने चाळताना लवंडला. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने रास अल खैमाला काम घेतलं आणि तिथली चारशे माणसांची राहण्याची सोय माझ्यावर आली. ओळीने पाच शनिवार मी आपांना मेसेज केला, या वेळी नाही जमणार, पुढच्या वेळी नक्की. पाचही वेळा त्यांचं उत्तर एकच, अंगठा. शेजारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळी त्या पिशवी भरून दाराशी ठेवायच्या आणि शनिवारी दुपारी उघडून पुन्हा कपाटात ठेवायच्या. माझी गाडी नव्हती म्हणून गेल्या नाहीत, की माझ्या यादीतल्या पहिल्या ओळीमुळे, हे आता कुणाला विचारू. सहाव्या शनिवारसाठी मी सामान आणलं होतं. त्या बुधवारी गेल्या.

आठवड्याने मुलगा आला. घर रिकामं करायला चार दिवस होते. मला बोलावलं, आणि मी खरंच मदत केली. कपडे, पुस्तकं, गॅसचं डिपॉझिट, टेलिफोन बंद करणं, सगळं झालं. शेवटी ओट्याखालून त्याने एक डबा काढला. "आंटी, व्हॉट इज धिस? शुड आय थ्रो इट?" डब्याला पट्टी चिकटवली होती. आपांच्या बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं, काळी वाळू, धुवू नये. पाव डबा भरला होता. मी तो मांडीवर घेऊन घरी आले. त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

मागच्या शनिवारी मी गेले. श्रीकांत बरोबर आला, स्वतःहून. अबू सालेमने त्याला बागेत बसवून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "अकेला?" मी होकाराची मान हलवली. मग टब भरला, परात घेतली आणि आपांचा डबा उघडला. तक्ता नेला नव्हता. एकेक चमचा वाळू घेऊन मी धूत बसले, उन्हं डोंगरावरून खाली येईपर्यंत. आपांची एक पद्धत होती. परातीत पिवळं काही चमकलं की त्या हरखत नसत. उन्हाकडे पाठ करायच्या आणि परात स्वतःच्या सावलीत धरायच्या. अभ्रक सावलीत विझतं, सोनं विझत नाही. मग परात माझ्याकडे सरकवायच्या, "तू बघ. दोघींना दिसलं तर आहे म्हणायचं." नऊ वर्षांत प्रत्येक वेळी ते विझलं होतं.

शेवटच्या चमच्यात काही चमकलं. मी उन्हाकडे पाठ केली. परातीवर माझी सावली आली आणि चमचम विझली. तीन कण राहिले. मोहरीहूनही कितीतरी लहान. परात हलवली, काळी वाळू पुढे सरकली, ते तिघे तळाशी होते तिथेच राहिले, पिवळे. बागेतून श्रीकांतने हाक मारली, झालं का म्हणून. मी परात उचलून उजव्या बाजूला, जिथे आपा बसायच्या त्या दगडापुढे ठेवली आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबले.