हिशेबात न धरलेला घाट

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. स्थितिज ऊर्जेचं सूत्र, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, मला झोपेतही म्हणता येतं. बायकोच्या म्हणण्यानुसार, मी ते झोपेत म्हणतोही.

गेल्या हिवाळ्यात बॅटरीवरची नवी स्कूटर घेऊन आम्ही दोघं चिखलदऱ्याला निघालो. वाटेत परतवाड्याला साळ्याकडे पोहे खाल्ले. तो म्हणाला, "भाऊजी, घंटाभर चार्जिंगले लावू द्या. पुढं घाट आहे."

"किलोमीटरचा हिशेब करूनच निघालोय," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. साळ्यानं बिचाऱ्यानं पोह्यांच्या बशा उचलल्या.

सपाट रस्त्यावर चार्जिंगचा आकडा हळूहळू उतरत होता. घाट लागला तसा तो भराभर घसरायला लागला आणि चिखलदरा थोडंच दूर राहिलेलं असताना गाडी थांबली. हिशेबात मी अंतर घेतलं होतं. उंची घेतलीच नव्हती.

"काहून थांबली?" बायकोनं विचारलं.

"चढ आहे ना. आपल्याला वर उचलण्यात दमली."

"मंग आता?"

"आता आपण तिला न्यायचं."

मी हँडल धरलं, ती मागून ढकलू लागली. तेवढ्यात एक जीप शेजारी हळू झाली आणि माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं डोकं बाहेर काढलं. "सर, काय करून राह्यले?"

"कार्य," मी धापा टाकत म्हणालो. "बल गुणिले विस्थापन."

जीपमधले सगळे हसले आणि पुढे गेले. विनोद इतका चांगला नव्हता, हे मला नंतर कळलं.

वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, ही ऊर्जा येते कुठून?" मी फळ्याकडे तोंड करून "उंचीमुळे" म्हणतो आणि मोकळा होतो. त्या वळणावर समजलं, उंची पदरचं काही देत नाही. पृथ्वी खाली ओढत असते. तिच्याविरुद्ध जो गाडी वर नेतो, त्याच्या अंगातून ती ऊर्जा जाते. माझ्या बाबतीत साळ्याच्या पोह्यांतून.

वर एका हॉटेलात जेवणं होईस्तोवर गाडी चार्जिंगला लावली. परत उतरताना ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरायची. आकडा वाढलेला पाहून मी ओरडलो, "बघ, फुकटात चार्ज होतेय!"

"फुकट? अन् माहे हात काहून दुखून राह्यले मंग?"

परत आलं तेही थोडंच होतं. बाकीचं ब्रेकच्या गरमीत आणि वाऱ्यात गेलं.

परतवाड्याला बायको उतरली आणि सरळ एसटीच्या स्टँडकडे चालू लागली. मी एकटाच गाडीवर अमरावतीला आलो. चार्ज भरपूर उरला. तो वस्तुमान कमी झाल्यामुळे उरला, हे मला माहीत होतं. घरी तिला मात्र रस्ता चांगला होता एवढंच बोललो.