वन्संची डावी बाजू

माझ्या थोरल्या नणंदेला, आमच्या वन्संना, कारखान्यात सगळे मुकी म्हणत. मुक्या कसल्या, चांगलं तिखट तोंड होतं, मी लग्न होऊन आले तेव्हाच कळलं. पण जन्मभर त्यांनी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळली, आणि गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. ओठातल्या ओठात आकडा चाललेला, मधे बोललं की गेला. सकाळी चहाचं विचारावं, तर जेवायच्या वेळी उत्तर यायचं, "घेईन की." तोवर चहाचं गार पाणी झालेलं.

लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर गुंडाळायचं यंत्र घरी आणून मागच्या खोलीत खिडकीशी बसवलं.

आमच्या ह्यांना तबकड्या ऐकायचं वेड. आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा डबाही ह्यांनी स्वतःच जोडलेला. मग कुठूनशी नवी सुई आणली. ती म्हणे फार नाजूक, ऐकते सगळं, पण सांगते इतकं हळू की डब्याला कळतच नाही. सुई आणि डबा यांच्यामधे आवाज चढवून देणारे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर हवेत, उजवीकडे एक, डावीकडे एक, अगदी जुळे. हे विकत आणायला निघाले तर वन्सं म्हणाल्या, "बहीण मेलीय का तुझी?"

उजवा झाला. डावा अर्ध्यावर असताना वन्सं यंत्रापाशी बसल्याबसल्याच गेल्या. केसाहून बारीक तार बोटांत तशीच.

दिवस झाल्यावर ह्यांनी उजवा बसवून, डावी बाजू तशीच थेट डब्याला जोडून तबकडी लावली. उजवीकडून गाणं खणखणीत, आणि डावीकडून तेच गाणं, भिंतीपलीकडे कुणी गुणगुणावं तसं. त्या बाजूला पाठ करून बसायचा मला धीर होईना. दुपारी मागच्या खोलीतून आकडे ऐकू यायचे. खिडकीची कडी वाजत असेल म्हणून मी कडीला चिंधी बांधली. कडी गप्प झाली, आकडे नाही.

डावा पुरा करायचा तर किती वेढे झालेत ते कळायला हवं, आणि आकडा वन्संबरोबर गेलेला. म्हणजे त्यांनी घातलेले वेढे उलगडून मोजायचे. हे रोज यंत्रापर्यंत जात आणि हात न लावता परत येत. शेवटी मीच म्हटलं, "उलगडा. अर्धवट ठेवलेलं त्यांना कधी आवडलं नाही."

हे बसले. मी दारात. ह्यांचे ओठ हलायला लागले तसा माझ्या अंगावर काटा आला. अगदी वन्संचे हलायचे तसेच, खालचा ओठ जरासा वाकडा. काही थर सुटले आणि हात थांबले. थरांमधल्या कागदाखाली तारेसोबत एक लांब पांढरा केस गुंडाळला गेला होता. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय यंत्राला न शिवणारी बाई. शेवटी शेवटी फडकं बांधायला हात वर जात नसेल, आणि आम्हाला कुणाला दिसलं नाही.

"आकडा गेला," हे म्हणाले.

"मग पुन्हा मोजा."

"नाही मोजणार."

केस होता तिथेच ठेवून त्यांनी सुटलेली तार परत चढवली, आणि तो अर्धा ट्रान्सफॉर्मर तसाच डावीकडे जोडला. वेढे कमी, तर आवाजही कमीच चढतो. भिंतीपलीकडचं गाणं दारापर्यंत आलं, आत काही आलं नाही.

दोन्ही बाजू सारख्या ऐकायच्या तर खुर्ची डावीकडे सरकवावी लागते. हे तिथेच बसतात, आता मीही. चहा टाकला की मागच्या खोलीकडे तोंड करून विचारते, घेणार का म्हणून. उत्तर येत नाही, पण त्यांचं कधी वेळेवर आलं होतं?